अडसर दुसऱ्या दाराचा

मामांच्या वाड्याचं दार पावसाळ्यात उघडायचं तर दोन माणसं लागतात. आतल्यानं फळीला खांदा लावून ती बोटभर वर उचलायची, बाहेरच्यानं ढकलायची. त्या दिवशी बाहेरची मी होते. हातात पिशवी, पायाशी चिखल आणि आतून मामांचा आवाज : "जोर लाव वं माय, वाशिमात जेवत नाई का तू?"

दार उघडलं तेव्हा मामा घामाघूम. वय अठ्ठ्याहत्तर. कापसाच्या अडतीत चाळीस वर्षं मुनीमकी केलेला माणूस. अजूनही कुणी समोर आलं की आधी त्याचा तोल-माप घेतल्यासारखं पाहतो. मी येण्याचं कारण त्यांना ठाऊक होतं. मामीनं फोनवर सांगितलं होतं की दार विकायला काढलंय.

"नागपूरचा माणूस येऊन गेला," ओसरीवर टेकत मामा म्हणाले. "कोणी तरी हॉटेल बांधून राह्यलं. त्यायले जुनं दार पाह्यजे. चौकटीसकट ऐंशी हजार देतो म्हणे. मी म्हटलं, सोमवारी ये."

"आणि इथं काय लावणार?"

"शटर नाई लावत, भिऊ नको. साधं फ्लशचं दार. तुह्या मामीले एका हातानं उघडता येईन असं."

मी काही बोलले नाही. पिशवीतून फोन काढला आणि फोटो दाखवायला सुरुवात केली. आता वाटतं, तिथंच चुकलं. परगावच्या फोटोंनी कुणाच्या घरातला वाद मिटत नाही.

मे महिन्यात मी लेकीकडे होते. ती स्पेनमध्ये, कातालोनियातल्या जिरोना शहरात नोकरी करते. तिथून तीसेक किलोमीटरवर बेसालू नावाचं गाव आहे. एके काळी ती एका छोट्या राज्याची राजधानी होती. ११११ साली ते राज्य बार्सिलोनाच्या सरदाराकडे गेलं आणि बेसालूचं राजकारण संपलं. राहिलं ते गाव : दगडी गल्ल्या, दगडी चौक, दगडी चर्च आणि फ्लुविया नदीवरचा पूल. हा पूल सरळ जात नाही, मधेच कोनात वळतो, कारण बांधणाऱ्यांनी पात्रातले खडक जिथं सापडले तिथं खांब उभे केले. पुलाच्या मध्यावर एक बुरूज आहे, आत येणाऱ्या मालावर कर घ्यायला.

"जकात नाका," मामा लगेच म्हणाले. फोटो जवळ घेऊन पाहिला. "चांगली जागा धरली. चुकवून जाताच येत नाई."

मला हुरूप आला. "मामा, आपलं कारंजं याच्याहून काही कमी आहे का? वेशी आहेत, मंदिरं आहेत, वाडे आहेत. त्यांनी १९६६ सालीच अख्खं गाव वारसा म्हणून जाहीर केलं. आपण दारं विकतोय."

"तिथी राहते किती जण?"

"अडीच हजारांच्या आसपास."

"अन् कारंज्यात?"

"साठ हजारांवर."

"हं," मामा म्हणाले, आणि फोन परत दिला. मुनीम लोक असा 'हं' करतात तेव्हा हिशेब संपलेला असतो.

चहा घेऊन आम्ही बाहेर पडलो. मला गाव दाखवायचं होतं. ज्याचा जन्म इथं गेला त्याला मी गाव दाखवायला निघाले होते, यातली गंमत मला तेव्हा कळली नाही.

कारंजा लाड. 'लाड' हे मागे लावायचं, नाहीतर वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे समजतात. जुन्या गावाला तट होता आणि चार वेशी होत्या : दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस. गाव आपल्या वेशीला कधी स्वतःचं नाव देत नाही. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जे असेल त्याचं देतं. त्यात दारव्हा, पोहा, मंगरूळ समजू शकतं, ती शेजारची गावं. पण दिल्ली? वऱ्हाडातल्या एका बाजारगावानं आपल्या भिंतीतल्या भोकाला दिल्लीचं नाव द्यावं, यातच त्या काळच्या व्यापाराची लांबी कळते.

दिल्ली वेशीच्या कमानीखाली आम्ही उभे राहिलो. दुधाच्या कॅन लावलेली एक मोटारसायकल हॉर्न वाजवत आमच्यातून गेली.

"इथं एक फलक हवा," मी म्हटलं. "कधी बांधली, कुणी बांधली, कारवाँ कुठून यायचे. पोरांना काय कळणार?"

"पोट्ट्यायले एक गोष्ट बरोबर ठाऊक हाये," मामा म्हणाले. "सुरत लुटल्यावर कारंजं लुटलं."

ती गोष्ट खरी आहे. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली आणि त्याच हिवाळ्यात मराठ्यांची फौज मोगली वऱ्हाडात शिरून कारंज्यावर आली. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहून ठेवलंय की सोनं, चांदी, भारी कापड मिळून एक कोटीचा माल चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेला. गावातले धनिक खंडणीसाठी पकडले. सगळ्यांत बडा तेवढा बाईचा वेष घेऊन निसटला.

मामांना यातला पराक्रम कमी आणि माल जास्त दिसतो. "चार हजार जनावरं. बैलावर तीन मण धर, गाढवावर दीड. निम्मे-निम्मे धरले तरी नऊ हजार मण. आता मले सांग, एवढा माल एका गावात होता म्हंजे गोदामं किती असतीन? हमाल किती? बांधायले सुतळी किती लागली असन?"

"मामा, ती लूट होती."

"लूटच. महाराज आपलेच, अन् लुटल्या गेले तेही आपलेच. शायेत आम्ही टाळ्या वाजवत होतो. मास्तर नवा होता, बाहेरगावचा. त्याले कोणी सांगितलं नाई की मागच्या बाकावरच्या पोट्ट्याच्या घराण्यालेच तो लुटून राह्यला."

इतिहासाच्या पुस्तकात आपण नेहमी घोड्यावर असतो. कारंज्यात उभं राहिलं की खाली, दुकानाच्या फळीमागे दडलेल्यांच्या बाजूनंही पाहावं लागतं. बेसालूत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. तिथं फलकावर सगळं नीट, चार भाषांत होतं, आणि मी त्यातल्या कोणत्याच बाजूची नव्हते.

चालता चालता मामांनी कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट काढली. कारंज्यातल्या प्रत्येकाला ती येते, आणि प्रत्येकाची थोडी वेगळी असते. मामांची अशी : एक सौदागर उंटांवर कस्तुरी लादून आला. गावोगाव फिरला, एवढा माल घेणारा कुणी भेटेना. कारंज्यात येऊन तो टोमणा मारू लागला की नावच मोठं या गावाचं. तेव्हा लेकुरसंघई नावाच्या सावकाराचं घर बांधणं चालू होतं. त्यानं सगळी कस्तुरी रोख विकत घेतली आणि सौदागराच्या डोळ्यांदेखत चुन्याच्या घाणीत टाकायला लावली.

"भिंतीले वास येत होता म्हणे कितीक वर्षं," मामा म्हणाले. "आता तू म्हणशीन इथी फलक लाव. काय लिहू? 'इथी पैसा चिखलात कालवला'?"

"तेच लिहा. वाचतील लोक."

"वाचतीन. फोटो काढतीन. अन् मंग?"

हा 'अन् मंग?' दिवसभर माझ्या मागे लागला होता.

मी बेसालूचं दुसरं हत्यार काढलं. १९६४ साली तिथं एक जण आपल्या जागेत पाण्यासाठी खणत होता. खाली दगडी पायऱ्या लागल्या आणि पायऱ्यांच्या तळाशी मध्ययुगातलं ज्यू लोकांचं स्नानकुंड, कमानीसकट. त्यानं खणणं थांबवलं. आज ते कुंड पाहायला जगभरातून माणसं येतात.

मामांनी लक्ष देऊन ऐकलं. "अन् ते ज्यू लोक?"

"ते पंधराव्या शतकातच गाव सोडून गेले. पुढे १४९२ साली तर स्पेननं सगळ्याच ज्यूंना धर्म बदला नाहीतर देश सोडा म्हणून हुकूम काढला."

"म्हंजे माणसं हाकलली अन् हौद ठेवला." मामा थांबले, चप्पल झटकली. "आपल्या इथी उलटं हाये बाई. हौद बुजला असन, पण माणसं हायेत. सैतवाल हायेत, बघेरवाल हायेत, लाड हायेत, मोमीन हायेत. कोण सोडून गेलं? तुले जुनं गाव पाह्यचं तर माणसं पाह्य."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण हेही खरं की माणसं आहेत म्हणून वस्तू आपोआप टिकतात असं नाही. पुष्कळदा माणसं आहेत म्हणूनच टिकत नाहीत. साठ हजार लोकांना संडास लागतात, पार्किंग लागतं, वाटण्या लागतात. तीन भावांत वाडा वाटला की मधल्या चौकातून विटांची भिंत उठते. बेसालूत ही अडचण नाही. तिथं संध्याकाळी सहाला बस निघून गेली की गल्लीत फक्त मांजरं असतात. मी ते पाहिलंय, आणि ते मामांना सांगितलं नाही.

मंदिरांपाशी आल्यावर मात्र बोलणं बदललं.

कारंज्यात दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरं आहेत : बलात्कार गणाचं, सेन गणाचं आणि काष्ठासंघाचं. (बलात्कार हे नाव ऐकून नवखे दचकतात, इथं ते साधूंच्या एका जुन्या परंपरेचं नाव आहे, आजचा अर्थ त्याला चिकटवू नये.) तिन्ही परंपरांच्या भट्टारकांच्या, म्हणजे पीठप्रमुखांच्या, गाद्या या एका गावात होत्या. काष्ठासंघाच्या मंदिरात लाकडावरचं कोरीव काम आहे. नाव काष्ठ आणि काम काष्ठाचं, म्हणून दोन्हींचा संबंध लावायचा मोह होतो; पण हा संघ त्या खांबांहून कितीतरी जुना. चपला काढून आत गेलो. बाहेर उकाडा, आत लाकडाचा गारवा. मामा एका खांबाशी उभे राहिले आणि कोरलेल्या वेलीवरून अंगठा फिरवला. धान्याचा दाणा पारखतात तसा.

"हे कोणी विकलं नाही," मी हळूच म्हटलं.

"देवाचं हाये. देवाले वाटणी मागता येत नाई."

बाहेर आल्यावर मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी माझ्या मते कारंज्यातली सगळ्यांत मोठी आहे, आणि जिच्यासाठी एकही पर्यटक येत नाही. या मंदिरांच्या कपाटांत शेकडो वर्षं हस्तलिखित पोथ्या होत्या. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, तेव्हा कारंज्याच्या भांडारांत काय आहे ते जगाला कळलं. त्यात अपभ्रंशातले ग्रंथ होते. अपभ्रंश म्हणजे आपल्या मराठीची आजी नसली तरी आजीच्या पिढीतली. प्राकृत संपून आजच्या भाषा सुरू होण्याच्या मधली. दहाव्या शतकातला महाकवी पुष्पदंत, जो राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला बसून लिहीत होता, त्याच्या काव्यांच्या पोथ्या कारंज्यात सापडल्या. १९३१ साली प. ल. वैद्यांनी त्याचं 'जसहरचरिउ' संपादित करून छापलं. ग्रंथमालेचं नावच कारंजा जैन ग्रंथमाला. पुढच्या तीन वर्षांत अमरावतीच्या कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी 'सावयधम्मदोहा', 'पाहुडदोहा', 'करकंडचरिउ' एकापाठोपाठ एक काढले. हजार वर्षांपूर्वीची एक भाषा पुन्हा वाचता यावी, त्याला या गावातल्या कपाटांचा हातभार लागला.

"बेसालूत पूल आहे मामा, पण असं काही मी तिथं पाहिलं नाही. हे गाव पाहायचं नाही, वाचायचं आहे."

"तुले वाचता येते ते? अपभ्रंश?"

"नाही."

"मले येत नाई. मंदिराच्या शेटजीले येत नाई. मंग पोथ्या राह्यल्या कशा?"

मी म्हटलं, श्रद्धेमुळे.

"श्रद्धा उंदराले दिसत नाई. वायवीले दिसत नाई." मामा आता रंगात आले होते. "दरसाल जेठात श्रुतपंचमी येते. त्या दिवशी कपाटं उघडतात. पोथ्या बाहेर काढतात, एक एक पान झटकतात, हवा लावतात, फाटलं असन तर नवं कापड बांधतात. वाचत कोणी नाई. लहान असताना मी पाह्यलं, शेजारच्या म्हाताऱ्या बाया ओळीनं बसून कापडं बांधून राह्यल्या. त्यायले सहीही येत नव्हती. म्या एकीले इचारलं, आजी, यात काय लिवलं? ते म्हणे, मले काय ठाऊक, पण ओल लागली तर पाप मले लागन."

ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे पावसाच्या तोंडाशी. त्याच्या आधी हवा लावली की चार महिन्यांची ओल सोसायला पोथी तयार. शास्त्रदान म्हणजे पोथी नकलून देणं हेही त्या समाजात पुण्याचं काम. एक झिजली की दुसरी तयार. मी आयुष्यभर ही श्रुतपंचमी ग्रंथपूजेचा सण म्हणून ऐकत आले. मामांच्या तोंडून ती वार्षिक साफसफाई झाली, आणि मला वाटतं त्यांचंच बरोबर होतं. ज्या वस्तूच्या नावानं कुणाच्या तरी वर्षातला एक दिवस मोडतो, ती वस्तू टिकते. बाकी फलक वगैरे नंतरचं.

गुरुमंदिरात फार थांबलो नाही. नृसिंह सरस्वतींचा जन्म १३७८ च्या सुमाराचा, कारंज्याचा. 'गुरुचरित्रा'मुळे गावाचं नाव घरोघर पोचलं, पण खुद्द जन्मगावी मंदिर उभं राहिलं ते १९३४ साली. म्हणजे साडेपाचशे वर्षं कारंज्याला आपल्या घरी कोण जन्मला याचं काही करावंसं वाटलं नाही. "पाह्य," मामा म्हणाले, "घाई करायची नाई." मी म्हटलं, "किंवा साडेपाचशे वर्षं दुर्लक्ष झालं." एकाच गोष्टीतून आम्ही आपापलं काढलं. मंदिराबाहेर पुण्याच्या, कोल्हापूरच्या पाट्यांच्या गाड्या उभ्या होत्या. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून त्या वाढल्यात.

"आता माह्यं ठिकाण," मामा म्हणाले आणि रिक्षा केली.

त्यांचं ठिकाण म्हणजे बाजार समिती. पत्र्याचे शेड, सिमेंटचे ओटे, वजनकाटा. सोयाबीनचा हंगाम नव्हता. दोन कुत्री आणि एक हमाल सावलीत निजले होते. पाहण्यासारखं इथं खरोखर काही नाही.

"१८८६," मामा म्हणाले. "हैदराबाद रेसिडेंसीचा हुकूम निघाला अन् हिंदुस्थानातला पयला नियम लावलेला कापूसबाजार कोठी भरला? मुंबईत नाई, नागपुरात नाई. कारंज्यात."

तेव्हा वऱ्हाड निजामाचं, कारभार इंग्रजांचा. म्हणून हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटचा. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस चोख हवा होता, हा त्यांचा स्वार्थ. पण त्यापोटी एक नवी गोष्ट झाली : वजन ठरलेलं, बाजाराची जागा ठरलेली, दलालाची दलाली ठरलेली. १८९७ साली वऱ्हाडासाठी त्याचा कायदा झाला आणि पुढे देशभरच्या बाजार समित्यांची घडण त्याच वाटेनं गेली.

"त्याच्या आधी भाव कसा होत होता? हात दे." मी हात दिला. मामांनी माझ्या ओढणीचा पदर त्यावर टाकला आणि पदराखाली माझी बोटं धरली. आधी दोन, मग अख्खी मूठ, मग करंगळी मुडपली. त्यांचा हात कोरडा आणि आश्चर्य वाटावं इतका चपळ होता. "झाला सौदा. तुले काही समजलं?"

"नाही."

"कास्तकारालेही समजत नव्हतं. त्याच्याच मालाचा भाव त्याच्याच डोयासमोर, रुमालाखाली. नियम आला अन् रुमाल काढा म्हणे, तोंडानं बोला. तरी रुमाल लवकर गेला नाई. मी नोकरीले लागलो तेव्हा जुने दलाल मौजेखातर करून दाखवत. पण कायद्यानं गेला. आता सांग, याचा फोटो कसा काढशीन?"

मी फोन खिशात ठेवला. बेसालूच्या पुलावरचा कर घेणारा बुरूज मला एकदम वेगळा दिसायला लागला. तिथंही कुणी तरी असंच माप चुकवलं असेल, कुणी पकडलं असेल. दगड राहिले आणि ते भांडण गेलं. कारंज्यात उलट. दगडाचं जाऊ द्या, भांडण अजून दर हंगामात ताजं आहे.

येताना शकुंतला रेल्वेचा फाटा लागला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कापसासाठीच घातली होती. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. मालकी इंग्रजांच्या काळातल्या एका खाजगी कंपनीची, म्हणून लोक तिच्याबद्दल अजून लिहितात. गाडी बंद आहे. रुळांत गवत. मामा तिकडे बघितलं न बघितलं करून म्हणाले, "बसायले जागा भेटत नव्हती," आणि तो विषय तिथंच संपला. मला वाटतं तो त्यांना बोलायचाच नव्हता.

घरी आलो. परत दाराचा सोहळा. या वेळी बाहेरून मी आणि मामा, आत मामी. दार अर्धं उघडून अडलं. मी वाकून खाली पाहिलं तेव्हा प्रथमच एक गोष्ट नजरेला आली, जी लहानपणापासून डोळ्यांसमोर होती.

दारामागे भिंतीत अडसराचं भोक आहे, चौकोनी, हातभर खोल. रात्री दार लावलं की त्यातून जाड लाकडी अडसर ओढून आडवा टाकायचा. पण फळीच्या मागे अडसर अडकवायचे जे लोखंडी कोयंडे आहेत ते भिंतीतल्या भोकाहून चांगले चार बोटं खाली. अडसर आडवा टाकला तर तो कोयंड्यांत बसायचाच नाही. म्हणूनच मामीकडे कायम कडीवर कुलूप असतं. चौकटीच्या गणेशपट्टीच्या दोन्ही टोकांनाही कापल्याच्या खुणा होत्या, वर जुना रंग आणि कापल्या जागी नवा.

"मामा, हे दार या भिंतीचं नाही."

"मंग? मले वाटलं तुले ठाऊक हाये." मामा हसले. "पोहा वेशीकडं एक वाडा पडला, तेव्हा बाबानं घेतलं. तुह्या मायच्या लग्नाच्या साली. आमचं जुनं दार वायवीनं खाल्लं होतं. त्या दाराचा अडसर त्या वाड्याच्या भिंतीत राह्यला. आता मले सांग, एकदा विकल्या गेलेलं दार दुसऱ्यांदा विकलं त काय बिघडलं? तुह्या त्या पुलाचंही तेच नं? तूच वाचून दाखवलं सकाळी."

मी खरंच वाचून दाखवलं होतं. १९३९ साली, यादवी युद्धाच्या शेवटी बेसालूचा पूल उडवला गेला. आज आपण ज्यावरून चालतो त्याचा मोठा भाग नंतर उभारलेला. माझ्या स्वतःच्या फोनमधलं वाक्य त्यांनी माझ्याच अंगावर घातलं.

"फरक आहे," मी म्हटलं. "आजोबांनी आणलं तेव्हा ते दारच राहिलं. पडलेल्या घरातून उभ्या घरात आलं. हॉटेलवाला ते दार म्हणून लावणार नाही. भिंतीला टेकवून वर दिवे लावतील."

"उघडणार नाई?"

"नाही. मागे भिंतच असते."

मामांचा चेहरा पडला. वारसा, इतिहास, पुष्पदंत यांनी जे झालं नव्हतं ते या एका गोष्टीनं झालं. "उघडत नाई असं दार ऐंशी हजाराले?" ते स्वतःशीच म्हणाले. त्यात हिशेब बसत नव्हता.

तेवढ्यात मामी आतून चहा घेऊन आली. दिवसभर आम्ही दोघं गावभर बोलत होतो. तिचा शब्द आम्ही विचारलाच नव्हता.

"तुमचं झालं का दोघायचं?" ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्सं दरसाल दिवाईच्या आधी या दाराले अळशीचं तेल कोण लावते? पाच पाव लागते. चिंध्या लागतात. त्याच्या त्या नक्षीत बोट जात नाई, काडीले कापूस गुंडाळून लावा लागते. मले ते दार नोको असं मी कधी म्हटलं? मी म्हटलं, उघडत नाई. त्याले सुताराले बलवा, खालून बोटभर रंधा मारू द्या, चूळ बदलू द्या. तीन वर्सं झाले सांगून राह्यली. यायले विकणं सोपं वाटलं."

मी दाराकडे पाहिलं. खालच्या कडेला नक्षीची शेवटची ओळ होती, छोट्या कमळांची, जमिनीपासून दोन बोटांवर. रंधा मारला तर कमळांच्या देठांचं बूड जाणार.

"बेसालूत चालन का?" मामांनी विचारलं. डोळ्यांत थट्टा होती, पण प्रश्न खरा होता.

तिथं चालणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तिथल्या गावात खिडकीचा रंग बदलायलाही परवानगी लागते म्हणून लेक सांगत होती. मी खाली बसून कमळं मोजली. अकरा होती. एकाचं आधीच अर्धं गेलेलं, बहुधा आजोबांच्या वेळच्या रंध्यानं.

"देठं गेली तरी फुलं राहतील," मी म्हटलं.

"ते मले विचारू नको, सुताराले सांग," मामी म्हणाली. "तो रविवारी येईन म्हणे. म्या कालच फोन केला."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सोमवारच्या माणसाबद्दल कुणीच काही बोललं नाही.

शेवटच्या एसटीला निघाले. या वेळी आतली मी होते. मामा बाहेर उभे राहून ढकलणार होते. मी खांदा फळीला लावला आणि वर उचललं. लाकडाचा भार थेट मानेत उतरला, आणि नाकात तेलाचा जुना, कडवट वास. दार बोटभर उठलं.

"धर, धर," बाहेरून मामांचा आवाज. "सोडू नको अजून."